आधी माझं ताट

मला मधुमेह आहे, जेवणाआधी मी स्वतःला इन्सुलिनची सुई टोचते, मला वाइन आवडते आणि मी नुकतीच जहाजावरून फिरून आले. हे सगळं एकाच बाईबद्दल खरं असू शकतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. दिल्लीत द्वारकेला आमच्या सोसायटीत संध्याकाळी चक्कर मारायला निघालं की प्रत्येक बाकावर एक तरी साखरवाला बसलेला असतो, आणि तो विचारतोच, "भाभीजी, जहाज पे आपने खाया क्या?" उभ्या उभ्या सांगून माझा घसा बसला. म्हणून आता एकदाच बसून लिहिते.

माझे डोस मात्र कुणी उचलू नका. ते माझ्या डॉक्टर मॅडमनी माझ्यासाठी ठरवलेत. तुमचे तुमच्या डॉक्टरांना विचारा. बाकी सगळं उचला, हरकत नाही.

करेक्शन

ऑफिसातल्या वार्षिक तपासणीत निघालं. मी सरकारी नोकर, आयुष्य फायलींत गेलेलं. मॅडमनी रिपोर्ट पुढे सरकवला, तो मी नोटिंग वाचावं तसा वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "इसमें कुछ करेक्शन हो सकता है क्या?" त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मला अण्णांचा पाय दिसत होता. अण्णा म्हणजे माझे वडील. नगरला बँकेत होते, खिशात पेढे लपवायचे, आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय गेला. घरी येईपर्यंत मेट्रोत मी माझ्या चपलांकडेच बघत बसले होते. दोन पाय, दहा बोटं, सगळं जागच्या जागी. तरी रडू आवरेना. शेजारच्या मुलीनं न बोलता रुमाल पुढे केला, तो परत करायचाही राहिला.

पुढची काही वर्षं गोळ्यांवर गेली, मग गोळ्या पुरेनात आणि इन्सुलिन आलं. त्याचीही सवय झाली. माणसाला कशाचीही होते. घात झाला तो गौरीच्या दिवशी.

अंगात आलं

दिल्लीत मराठी गुरुजी मिळणं म्हणजे काय, ते दिल्लीतल्या मराठी माणसालाच कळेल. आमचे गुरुजी एकटे, आणि घरं द्वारकेपासून नोएडापर्यंत. ते "निघालोच" म्हणाले की समजायचं, अजून आंघोळ व्हायचीय. त्या वर्षी दुपारी फोन आला, "वहिनी, पाच मिनिटांत पोचतो." मी शहाणीनं विश्वास ठेवला. नैवेद्य झाला की लगेच जेवण, म्हणून स्वयंपाकघरातच सुई टोचून घेतली.

गुरुजी धौला कुआँच्या जाममध्ये अडकले होते.

पुरण तयार, गौरी नटलेल्या, सवाष्णी पाटावर बसलेल्या. नैवेद्याआधी घास कसा घ्यायचा? त्यातून मी यजमानीण, सवाष्णींच्या आधी कशी जेवणार? खरं सांगते, आपण खाऊन घ्यावं हा विचारसुद्धा मनाला शिवला नाही. आधी घाम आला. पुरणपोळ्या करताना कुणाला येत नाही? मग हात थरथरायला लागले.

यापुढचं मला आठवत नाही, मला सांगितलं ते लिहिते. मी म्हणे झारा हातात घेऊन बाहेर आले, गौरींपुढे उभी राहिले, डोळे फिरवले आणि घुमत घुमत मोठमोठ्यानं काहीबाही बोलायला लागले. एक काकू ओरडल्या, "बाई गं, अंगात आलंय हिच्या!" झालं. माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला. दोघीतिघी पाया पडल्या. एकीनं तर मुलीचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. मी काय सांगितलं देव जाणे, पण जमलं हं लग्न.

आणि हेमंतनं, माझ्या नवऱ्यानं, सगळ्यांबरोबर हात जोडले.

वाचवलं ते रेवानं. आमची लेक, तेव्हा कॉलेजात होती. आतल्या खोलीतून आली आणि किंचाळली, "बाबा, हात काय जोडताय! आईची शुगर लो झालीय, यार!" गौरींपुढची पंचामृताची वाटी उचलली आणि मधासाखरेचं ते सगळं माझ्या तोंडात घातलं. नैवेद्य दाखवायचाय अजून, असं कुणीतरी म्हणालं. "नंतर दाखवा," ती म्हणाली. तेवढ्यानं शुद्ध राहिली, पण धड भान आलं नाही, म्हणून थेट हॉस्पिटल.

शेजारच्या पलंगावरच्या बीजी

हॉस्पिटलमध्ये दिवस बोटांवर मोजतात, कारण दर थोड्या वेळानं सिस्टर एक बोट मागतात. डावा हात, उजवा हात, परत डावा. सकाळी फिका दलिया, दुपारी त्याच दलियाचा भाऊ. मी छताकडे बघत पडायचे आणि मला लाज वाटायची. आजाराची नाही, इतक्या बायकांसमोर केस सोडून नाचल्याची.

शेजारच्या पलंगावर एक सरदारीण आजी होत्या, सगळे त्यांना बीजी म्हणत. रेवानं त्यांना सगळी हकिकत सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडते तर बीजी पलंगावर बसून मला हात जोडताहेत. "माता रानी, मेरी छुट्टी कब होगी?" म्हातारीच्या डोळ्यांत असा मिश्कीलपणा होता की मी फिस्सकन हसले. त्या दिवसापासून लाज गेली ती गेलीच.

हेमंत मात्र हसला नाही. तो मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. केसाएवढी चीर लांबून ओळखतो. हॉस्पिटलच्या जिन्यात एकदाच म्हणाला, "आयुष्यभर दोष शोधले, उज्ज्वला. आणि घरात समोर दिसत होता तर मी त्याला नमस्कार केला." मी म्हटलं, "अरे, सगळ्यांनीच केला." तो म्हणाला, "सगळ्यांचं मला सांगू नकोस."

किती?

घरी आल्यावर माझ्या दंडावर सेन्सर लागला. तो साखर मोजून फोनला कळवतो आणि कमी झाली की बोंबलतो. चांगली वस्तू आहे. पण हेमंतनं तेच ॲप स्वतःच्या फोनमध्येही टाकून घेतलं, आणि माझ्या संसाराचं इन्स्पेक्शन सुरू झालं.

"किती?" हा एकच शब्द. मी उठले, किती? अंघोळ केली, किती? मी मीटिंगमध्ये, फोन वाजतो, किती? पाहुण्यांसमोर माझ्या ताटातला बटाटा उचलून स्वतःच्या ताटात घ्यायचा. ज्याचं घोरणं आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होतं, तो माणूस गाढ झोपेनासा झाला. डोळा लागला की दचकून उठायचा आणि माझं कपाळ चाचपायचा, घाम आहे का म्हणून. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं.

अशी काही वर्षं गेली, रेवा नोकरीला बंगळुरात गेली, आणि मग एक दिवस म्हणाला, "मी व्हीआरएस घेतोय. घरी थांबीन."

मी उडालेच. नोकरी त्याचा जीव आहे. कंपनीची बस चुकली तर दिवसभर चिडचिडणारा माणूस हा. मी खूप रडले, मग खूप भांडले. "मला नवरा हवाय, वॉर्डबॉय नको! तू घरी बसलास तर मी साखरेनं नाही, तुझ्या 'किती'नं मरेन!" तो गप्प. गप्प बसला की समजावं, अर्ज टाईप झालेला आहे.

त्याच सुमाराला ढींगरा आले. आमचे शेजारी, दिलदार जोडपं. लग्नाच्या वाढदिवसाला जानेवारीत मुंबई-गोवा जहाजानं जायचं होतं, सोसायटीतली चार जोडपी घेऊन. हेमंत ताबडतोब नाही म्हणाला. जहाजावर दिवसभर खाणं, दारू, आणि चारी बाजूंनी पाणी.

मी त्याला घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "जाइए. पर तैयारी से." मग आमच्यात पैज लागली. जहाजावर खाणं, पिणं, सुई, सगळं मी सांभाळणार. हेमंतनं ते ॲप काढायचं आणि एकदाही "किती" विचारायचं नाही. जमलं तर व्हीआरएसचा अर्ज फाडायचा. नाही जमलं तर तो घरी बसेल आणि मी तोंडातून ब्र काढणार नाही.

"बिल्कुल?" तो म्हणाला.

"बिल्कुल," मी म्हटलं.

हवा छान आहे ना?

तयारी सांगते, कारण बाकावरचे सगळे तेच विचारतात. औषधं सामानात द्यायची नाहीत, खांद्यावरच्या पिशवीत, आणि लागतील त्याच्या दुप्पट. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. खोलीत छोटा फ्रिज आहे का ते आधीच विचारायचं. वापरलेल्या सुयांसाठी जाड डबा मागायचा, जहाजावाले निमूट देतात. ग्लुकोजची पुडी पर्समध्ये, खिशात, सगळीकडे. आणि बरोबरच्या एकाला तरी सगळं नीट सांगून ठेवायचं. मी ढींगरा भाभींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मैं तो डर गई." मी म्हटलं, "डरो, पर याद रखो."

जहाजावरचा बुफे म्हणजे लग्नच, फक्त नवरानवरी नाहीत. छोले भटुरे, पास्ता, जिलबी, परत छोले भटुरे. लोक पैसा वसूल करायला उभे. मी एक युक्ती काढली: पहिली फेरी रिकाम्या हातानं. ताट न घेता सगळं बघून यायचं, कशासाठी जीव टाकावासा वाटतोय ते ठरवायचं, आणि मगच ताट उचलायचं. भात, पोळी, भटुरा यांतलं एकच काहीतरी. बाकी भाज्या, मासे, डाळ. असं केलं की जिलबीचं अर्धं वेटोळंसुद्धा ताठ मानेनं खाता येतं.

आणि गौरीनंतर घातलेला नियम, मॅडमना विचारूनच: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. कुणी कितीही पाच मिनिटांत येतो म्हणू दे.

हेमंतची दशा बघवत नव्हती. डेकवर वारा खात उभे होतो, त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. त्यानं गिळलं आणि म्हणाला, "हवा छान आहे ना?" तोच सूर, तोच डोळ्यांतला प्रश्न. पुढचे दोन दिवस जहाजावरची हवा त्यानं मला इतक्यांदा विचारली की शेजारचे लोक आम्हाला हवामान खात्यातले समजले असतील.

केक

दुसऱ्या संध्याकाळी मोठं जेवण होतं, ढींगरांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं. मी पैठणी नेसले. ढींगराजी आदल्या दिवसापासून व्हिस्कीचा ग्लास घेऊन मागे लागले होते, "भाभीजी, दवा समझ के!" मी म्हटलं, "दवा मेरे पर्स में है, उसे दवा समझ के ही लेती हूँ." मला एक ग्लास वाइन घ्यायची होती, पण जेवणासोबत. मॅडमनी नीट समजावलं होतं: रिकाम्या पोटी थेंबही नाही. दारूनं साखर उतरते, तीही लगेच नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. आणि बघणाऱ्याला वाटतं, बाई झिंगलीय. म्हणजे पुन्हा तेच, अंगात आलंय!

माझं ताट समोर आलं. मासा, भाजी, बटाटे. मी टेबलाखाली सुई टोचून घेतली. काटा उचलणार तेवढ्यात ढींगराजी उठले.

"जब तक केक नहीं कटेगा, कोई नहीं खाएगा! पहले मैं अपनी शादी की कहानी सुनाऊँगा."

सगळ्यांनी काटे खाली ठेवले. वेटरनं सांगितलं, केक येतोय, पाच मिनिटं.

पाच मिनिटं! टेबलाच्या पलीकडे हेमंत. त्याला कळलं होतं. रुमाल मुठीत आवळून बसला होता, चेहरा पांढराफटक, पण शब्दाला जागला. तोंड उघडलं नाही.

आणि माझं काय व्हावं? मला लाज वाटायला लागली. यजमानांच्या आधी घास? आईचा आवाज आला, "हावरट कुठली!" ढींगराजी करोलबागेतल्या बसस्टॉपपर्यंत पोचले होते, अजून लग्न फार लांब होतं. मी ताटाकडे बघितलं. डोळ्यांपुढे गौरी आल्या, मळवट आला, हात जोडलेला हेमंत आला.

मी काटा उचलला. मोठ्यानं म्हटलं, "ढींगराजी, आप बोलते रहिए, मैं खा रही हूँ. मेरी सुई लग चुकी है." आणि बटाट्याचा भला मोठा घास तोंडात घातला.

सगळी डोकी माझ्याकडे वळली. माझ्या कानशिलांना आग लागली होती, पण मी चावत राहिले. मग ढींगरा भाभींनी स्वतःचा काटा उचलला. "सब खाओ जी! इनकी कहानी तो हर साल सुनती हूँ, वो ठंडी नहीं होती, खाना होता है." हशा पिकला. आणि कोपऱ्यातले खन्नाजी, सोसायटीत कुणाशी धड न बोलणारे, घाईघाईनं पाव तोडत पुटपुटले, "थैंक यू भाभीजी. मेरी भी गोली खाई हुई थी. शरम के मारे बैठा था."

बघा! एका टेबलावर आम्ही दोघं, आणि दोघंही शरमेनं मरायला तयार.

पोटभर जेवून झाल्यावर मी वाइनचा ग्लास उचलला आणि ढींगरांच्या नावानं हळूहळू प्यायले. एकच, पण काय लागली म्हणून सांगू! मग पैठणी खोचून नाचले. शुद्धीत, बरं का. झोपायच्या आधी तपासलं, थोडं खाऊन घेतलं. हेमंत छताकडे बघत म्हणाला, "हवा छान आहे ना?" मी म्हटलं, "छान आहे, झोप." पण तो झोपला नाही.

हात जोडू नका

सगळं सुरळीत झालं असतं तर हे लिहायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोव्याला उतरलो. पुरुषमंडळी किल्ला बघायला गेली, मी आणि भाभी पणजीतल्या जुन्या रंगीत घरांच्या गल्ल्यांत. ऊन होतं, चढ होता, आदल्या रात्रीचा नाच आणि वाइन अंगात होती. भाभी निळ्या भिंतीपुढे फोटो काढत होत्या आणि माझे ओठ मुंग्या आल्यासारखे झाले. पर्समध्ये फोन बोंबलला.

भीती वाटली. भर उन्हात मी गार पडले. परका गाव, हेमंत जवळ नाही, मुलगी बंगळुरात. पण एक गोष्ट पक्की होती: काय होतंय ते मला माहीत होतं. मी एका बंद दाराच्या पायरीवर बसले आणि पुडी काढली. बोटं ऐकत नव्हती.

भाभींनी डोळे मिटून हात जोडले, "वाहेगुरु, वाहेगुरु..."

"भाभी," मी म्हटलं, "हाथ मत जोड़ो, बोतल खोलो!"

त्यांनी बाटली उघडली, पुडी फाडली, पाण्यात विरघळवून माझ्या हातात दिली. मी प्यायले. "भाईसाहब को फ़ोन करूँ?" "नहीं. पंद्रह मिनट रुको." ती पंधरा मिनिटं आम्ही त्यांच्या जावेला शिव्या घालण्यात घालवली, फार छान गेली. मग बोट टोचलं, साखर वर आली होती. एक केळं आणि बिस्किटं खाल्ली, थोडी टेकले, परत तपासलं. मग उठले, साडी झटकली आणि काजू घ्यायला गेले. भाव केला, आणि चांगला केला.

चालता चालता मला रडू फुटलं. भाभी घाबरल्या. मी म्हटलं, "नाही हो, आनंदानं." मराठीतच म्हटलं, पण त्यांना कळलं.

डेकवर

दुपारी जहाजावर परतलो. हेमंत डेकवर लांब खुर्चीत बसला होता. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. लपवायचं नाही, हे माझ्या मनाशी ठरलेलं होतं. पैज हरायची तर हरायची.

तो समुद्राकडे बघत ऐकत होता. "मग?"

"मग पुडी घेतली. थांबले. बघितलं. केळं खाल्लं."

"मग?"

"मग काजू घेतले."

तो खुर्चीत आणखी खाली सरकला. मान मागे टेकली. मला वाटलं, संपलं, आता अर्ज जाणार. बराच वेळ मी लाटा बघत बसले. शेवटी धीर करून वळून बघितलं.

हेमंत झोपला होता. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आणि बघता बघता घोरायला लागला. तेच, आमच्या मजल्यावर प्रसिद्ध असलेलं, भिंती हलवणारं घोरणं. गौरीच्या दिवसानंतर मी ते ऐकलंच नव्हतं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ढींगराजी ग्लास घेऊन आले, "भाभीजी, जहाज का इंजन ख़राब हो गया क्या? उठाऊँ इनको?"

"हाथ तो लगाके देखिए," मी म्हटलं. माझे डोळे वाहत होते आणि मी हसत होते. ढींगराजी बिचारे चार पावलं मागे सरले.

मी तिथेच बसून राहिले, राखणदारासारखी. ऊन उतरलं, वारा गार झाला, मी त्याच्या अंगावर माझी शाल घातली. इतकी वर्षं हा माझं कपाळ चाचपत जागला, आज माझी पाळी होती.

चहाच्या वेळेला त्याला जाग आली. चष्मा सारखा केला, माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते. "किती?" येईल, निदान हवा तरी येईल.

"उज्ज्वला," तो म्हणाला, "सोमवारी बस पकडायचीय मला. ऑडिट आहे. डब्याला काय देशील?"

"तूच कर काहीतरी," मी म्हटलं. "मी आधी जेवणार आहे."